हजेरी आणि तेलाची पिशवी

अर्थव्यवस्था सावरली म्हणतात. वडूजच्या बाजारात फिरताना मला ते पटत नाही. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती, पुढच्या वर्षी ३१२ झाली. वाढ दिवसाला पंधरा रुपये! आदल्या सप्टेंबरातच खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं आणि तेलाची पिशवी त्याहून जास्त महागली होती. शुल्क सोयाबीनवाल्यांसाठी, असं सांगितलं गेलं. पण त्या हंगामात बाजारात सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. मग तेलाला मोजलेला जादा पैसा गेला कुठं? याचा राग येतो.

आमच्या खटाव-माणची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, कामाला देशभर पांगली, ती दुष्काळानं. आता पाऊस बरा झाला, तरी त्यांना ‘परत या’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इथल्या हजेरीवर घर कसं चालवणार?