श्वास बघायचा, ओढायचा नाही

ऑफिसात आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघण्याचं ध्यान, शिकायला बसलेली माणसं पहिल्या दिवशी हमखास श्वास ओढायला लागतात. ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं की छाती फुगते, खांदे वर जातात, कपाळाला आठ्या पडतात. दिवसभर प्रत्येक काम करून दाखवायची सवय, मग श्वासही करून दाखवायचा! मी सांगते, हा प्राणायाम नव्हे. तिथे श्वासाला वळण लावतात. इथे तो जसा आहे तसा नुसता बघायचा. उथळ तर उथळ. एकाच नाकपुडीतून येतोय, तर तसाच. वरच्या ओठाच्या वर, नाकपुड्यांच्या तोंडाशी, आत येणारी हवा किंचित गार लागते आणि बाहेर पडणारी कोमट. एसी लावलेल्या मीटिंग रूममध्ये हा फरक चटकन कळतो. मन तिथून सुटेल, अप्रेजलकडे जाईल, संध्याकाळच्या लोकलकडे जाईल. कळलं की परत आणायचं, स्वतःवर न चिडता.

ध्यान कचेरीत नेणं ही काही आजची टूम नाही. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या १९४८ साली सयाजी ऊ बा खिन तिथले महालेखापाल झाले. हिशेबतपासणीच्या त्या कचेरीतच त्यांनी एक खोली साधनेसाठी राखली आणि हाताखालच्या लोकांना शिकवलं. १९५२ मध्ये रंगूनला त्यांचं ध्यानकेंद्र उभं राहिलं. तिथे १९५५ मध्ये अर्धशिशीने बेजार झालेले सत्यनारायण गोएंका गेले, आणि त्यांच्यामुळे ही विद्या पुढे इगतपुरीला आली. आजही तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान असतं. बा खिन यांनी ध्यानासाठी नोकरी सोडली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्या गटात अकाउंट्समधल्या एक बाई आहेत. एकदा बसणं संपल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, साहेबांचं मेल उघडताना माझा श्वास थांबतो. आज पहिल्यांदा दिसलं.” मला याहून जास्त काही नको होतं. श्वास अडलाय हे दिसलं की बहुधा तो आपोआप सुटतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोकेही थोडे मंदावतात; शरीराची रचनाच तशी आहे. मग उत्तर टाइप करण्याआधी दोन श्वासांची सवड मिळते. रागाने खरडलेली कितीतरी उत्तरं त्या सवडीत खोडली जातात.

सगळ्यांना हे मानवतंच असं नाही. डोळे मिटून श्वास बघितला की काहींची धडधड उलट वाढते. त्यांना मी डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीवर टेकल्याचं जाणवू द्यायला सांगते, आणि त्रास जुना असेल तर सरळ डॉक्टरांकडे पाठवते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. दोघांचं काम एकावर टाकायचं, रात्री अकराला मेसेज करायचे, आणि मग ‘आमच्या लोकांना जरा शांत करा’ म्हणून मला बोलवायचं. श्वास बघणाऱ्याला उलट हे ओझं जास्त स्पष्ट दिसू लागतं. साहेबांनो, जेवणाच्या सुट्टीतली नव्हे, कामाच्या वेळेतली वीस मिनिटं द्या, तुम्हीही येऊन बसा, आणि रात्रीचे ते मेसेज आजपासून बंद करा.