ऑक्झेंडन आणि मावशीची भिंत

चलथाणहून सुरतेला मावशीकडे गेले की ती आधी भिंत दाखवते, चहा नंतर. रस्त्याकडचा गिलावा पावसाने सुटलाय. पण गवंडी बोलवायचा तर परवानगी हवी, कारण शंभर मीटरच्या आत इंग्रजांच्या जुन्या कबरी आहेत, राष्ट्रीय संरक्षित स्मारक.

तिथे जॉर्ज ऑक्झेंडन आहे. १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा. १६६९ मध्ये वारला. मावशी म्हणते, "महाराजांना पुरून उरला, आता मला आडवा आलाय!"

त्याचा घुमट टिकावा असं मलाही वाटतं. नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावणारी माणसं आपण. पण शेजारची जिवंत माणसंही कोरडी राहायला हवीत ना?

म्हणून कायदा वाचला. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे शंभर मीटरपर्यंत निषिद्ध क्षेत्र, त्यापुढचे दोनशे नियंत्रित. निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम नाही, पण घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. गल्लीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून कुणी रात्री गुपचूप गिलावा करतं, कुणी भिंत तशीच सोडतं. मला दुसरं जास्त वाईट वाटतं.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायचा. तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो, त्यांना दोन महिने, मग निर्णय कळवायला आणखी एक. म्हणजे साडेतीन. जूनच्या पावसाआधी काम उरकायचं तर कागद जानेवारीतच द्यायला हवेत. मावशीने नाताळच्या करंज्या करता करताच घराचे जुने कागद शोधायला घेतलेत.