गारव्याचे यंत्र मुके झाले तेव्हा

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता एसी आला असेल. ज्यांच्याकडे नसेल त्यांनीही हा मजकूर वाचावा. कारण मी सांगणार आहे ती गोष्ट एसीची कमी आणि घरातल्या विजेची जास्त आहे.

आमचे गाव रावेर तालुक्यात, केळीच्या मुलखात. वैशाखात इथे पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. केळीच्या बागेला आपण शेवरीचा आडोसा करतो, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कसला आडोसा करायचा? दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या सासूबाई ओट्यावरच चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावले, ‘यांना भर दुपारी गारव्यातच ठेवा.’ पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या मुलाने मग आजीच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवून दिला. (हे ‘टन’ म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन.)

गेल्या वैशाखातली दुपार. घरधनी नात्यातल्या लग्नाला गेलेले. घरात मी, सासूबाई आणि पुतण्या. एक वाजता वीज गेली, दोन वाजता आली. पंखा फिरू लागला. मी रिमोट दाबला, तर एसी ढिम्म! एरवी ‘टुक’ असा आवाज तरी येतो, तोही नाही. दहा वेळा बटन दाबले. खोली तर भट्टीसारखी तापलेली.

‘जळालं वाटतं गं, सुनबाई,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

मी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने न पाहताच सांगितले, ‘काकू, गॅस संपला असेल, नाहीतर आतला बोर्ड गेला असेल. सहा-सात हजार धरून ठेवा. परवा येतो.’

परवा! इथे पुढचा तास कसा काढायचा याची मला चिंता.

पुतण्या म्हणाला, ‘काकू, स्वयंपाकघरातल्या प्लगातून वायर ओढतो. पाच मिनिटांत चालू करून देतो.’ खरे सांगते, मी ‘बरं’ म्हणणारच होते. पण मला आमच्या विहिरीवरची मोटार आठवली. काही वर्षांपूर्वी एक फेज गेलेला असताना घाईघाईने जुगाड करून ती चालवली आणि ऐन पाण्याच्या दिवसांत जाळून घेतली. डीपीवर फ्यूज टाकायला गेलेला माणूस परत आला नाही, अशी घरेही आपल्या खेड्यापाड्यांतून सगळ्यांना ठाऊक आहेत. मी म्हटले, ‘थांब. आधी आत्याबाईंची सोय करू, मग यंत्राकडे बघू.’

मागच्या अंगाला आमची जुनी धाब्याची खोली आहे. वर मातीचे जाड धाबे, खाली सारवलेली जमीन. स्लॅबच्या खोलीपेक्षा ती कितीतरी गार. तिथे बाज टाकली, खिडकीला ओले पोते बांधले, पंखा लावला. सासूबाईंचे हातपाय, मान ओल्या फडक्याने पुसून घेतली, कैरीचे पन्हे घोट घोट पाजले. त्या नीट बोलत होत्या, अंगाला घाम होता, म्हणून धीर होता. वाचकहो, अशा उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. अंगावर पाणी मारत मारत तडक दवाखाना गाठा.

सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी एसीपुढे येऊन उभी राहिले. मला काय कळणार यातले? पण विहिरीवरची मोटार चालू होत नाही तेव्हा घरधनी काय करतात, ते मी तीस वर्षे पाहत आले आहे. ते आधी मोटार उघडत नाहीत. डीपीपासून निघतात आणि स्टार्टरपर्यंत येतात. वीज कुठपर्यंत आली आणि कुठे अडली, एवढेच शोधतात. मीही तेच करायचे ठरवले.

घरात वीज होती, पंखा तर फिरत होता. मग एसीचा वेगळा एमसीबी पाहिला. जुन्या काळच्या किटकॅटच्या जागी आता ही खटक्याची पेटी असते. तो खटका वरच होता, म्हणजे पडलेला नव्हता. मग भिंतीवरचा स्टॅबिलायझर पाहिला. त्याच्यावर एरवी व्होल्टेजचा आकडा दिसतो. वीज कमी असली तर तो आकडा दाखवतो, पण एसीला वीज सोडत नाही. वीज परत आल्यावरही तीनेक मिनिटे थांबूनच सोडतो. इथे मात्र आकडाच नव्हता, अगदी अंधार! म्हणजे एमसीबीपर्यंत वीज आली होती आणि स्टॅबिलायझरपर्यंत पोचली नव्हती. दोघांच्या मध्ये होते ते फक्त भिंतीतले सॉकेट.

मी घराचा मेन स्विच बंद केला, पायात चपला घातल्या, हात कोरडे केले आणि प्लग ओढला. तो सहज निघेना. निघाला तेव्हा एक पिन कोळशासारखी काळी, आणि सॉकेटचे एक भोक वितळून वेडेवाकडे झालेले. जळका वास नाकात शिरला आणि माझ्या लक्षात आले की हा वास मला आठ दिवसांपासून येत होता! रस्त्यावर कोणी कचरा पेटवला असेल, असे म्हणून मी सोडून दिले होते.

झाले होते असे. सॉकेटमधली पकड सैल पडली होती. जिथे जोड सैल, तिथे विजेला वाट अरुंद, आणि वाट अरुंद की उष्णता. दीड टनाचा एसी जोरात चालताना सातेक अँपिअर वीज ओढतो. तीही तासन् तास. स्वयंपाकघरातला छोटा प्लग असतो सहा अँपिअरचा. वायरमधून जाणारी वीज दुप्पट झाली तर तिच्यातली उष्णता चौपट होते. पुतण्याचे ऐकून मी बारीक वायर ओढली असती, तर ती गादीखालून, पडद्यामागून गेली असती आणि म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी तापत राहिली असती. पुढचे लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी गावचा वायरमन आला. त्याने सॉकेट, प्लग आणि मागची करपलेली वायर बदलली, अर्थिंग तपासली. चारशे रुपये झाले. एसी सुरू झाला. गॅस होता, बोर्डही धड होता. आता मला कळते की गॅस कमी झाला तर यंत्र सहसा सुरू होते, वाराही येतो, पण गारवा येत नाही. जे यंत्र अगदीच मुके आहे, त्याच्या गॅसवर आधी शंका घेऊ नये.

तुमचा एसी असा रुसला तर याच क्रमाने जा. स्टॅबिलायझरवर आकडा आहे, पण रिमोट दाबल्यावर आवाज नाही? मग रिमोटचे सेल बदला. रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण बहुतेक मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर लुकलुकताना दिसतो. तो दिसत नसेल तर दोष रिमोटचा. पुष्कळ एसींना पुढच्या झाकणाखाली हाताने चालू करायचे बटन असते, ते दाबून पाहा. एमसीबी पडला असेल तर एकदा पूर्ण खाली करून वर करा. पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा हात लावू नका, तो तुम्हाला काही सांगतो आहे. बाहेरच्या पेटीत मुंग्या, पाली शिरतात, जशा मोटारीच्या स्टार्टरमध्ये शिरतात. पण ती पेटी आपण उघडायची नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही झटका साठलेला असतो. ते काम कारागिराचेच.

आता दर आठवड्याला, एसी तासभर चालला की मी तो बंद करते आणि प्लगवर हात ठेवून पाहते. कोमट असला तर चालेल, चटका बसता कामा नये. आणि जळका वास आला की आधी घरातच शोधते.

सासूबाईंना त्या संध्याकाळी विचारले, ‘आत्याबाई, झोप लागली का?’ त्या म्हणाल्या, ‘लागली तर! तुझ्या सासऱ्यांनी घातलेलं धाबं आहे, त्याला रिमोट लागत नाही.’

यंदा पावसाळ्याआधी त्या धाब्यावर आम्ही नवी माती टाकून घेतली. एसी आहेच, पण धाबेही राहू द्यायचे, असे घरात ठरले आहे.