पोचलास की कळव

बाबांचं एक वाक्य मी कॉलेजपासून ऐकतोय: 'पोचलास की कळव.' पुण्याचं हॉस्टेल असो की मेलबर्नची नोकरी, वाक्य तेच. माझं उत्तरही ठरलेलं: 'हो बाबा.' आणि मग विसरायचं.

गेल्या वर्षी आम्ही चार मित्र बर्क आणि विल्सच्या वाटेने निघालो. २० ऑगस्ट १८६० ला हे लोक उंट-घोडे घेऊन मेलबर्नहून निघाले होते, अख्खा ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करायला. आम्ही ब्रोकन हिलपर्यंत कॅम्परने गेलो. तिथून दोघे चार सीटच्या सेसनाने (मित्राकडे लायसन्स आहे), दोघे कॅम्परने. मेनिंडीहून कूपर क्रीक गाठायला बर्कला तीन आठवडे लागले होते. आम्ही अडीच-तीन तासांत इनामिंकाला उतरलो.

कॅम्पर संध्याकाळी येणार होता. आला नाही. फोन लागेना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे हसत उतरले. वाटेत टिबूबुराला मुक्काम केला म्हणे. ''तिथे रेंज होती ना?''
''होती रे, कळवायचं राहिलं.''
मी असा काही ओरडलो की आवाज माझाच, पण शब्द बाबांचे.

मग आम्ही ते प्रसिद्ध झाड बघायला गेलो. बर्क उत्तरेला गेला तेव्हा ब्राहे नावाचा माणूस इथे तळ सांभाळत होता. तीन महिने थांब म्हटलं होतं, तो चार महिन्यांहून जास्त थांबला. २१ एप्रिल १८६१ ला सकाळी अन्न पुरून, झाडावर 'खणा' असं कोरून तो निघाला. त्याच संध्याकाळी बर्क, विल्स आणि किंग पोचले. चुकामुकीची ही गोष्ट सगळे सांगतात. मला पुढची जास्त लागली. त्यांनी अन्न काढलं, चिठ्ठी पुरली, खड्डा नीट बुजवला, पण झाडावर नवी खूण केली नाही. ८ मे रोजी ब्राहे परत येऊन बघून गेला. त्याला वाटलं, कुणी आलंच नाही. जून संपता संपता बर्क आणि विल्स गेले. किंग वाचला, तो तिथल्या यांड्रुवांधा लोकांनी सांभाळला म्हणून.

म्हणजे ते पोचले होते. फक्त कळवलं नाही.

इनामिंकाला परतल्यावर बाबांना मेसेज टाकला: 'पोचलो.'
लगेच उत्तर आलं: 'कुठे?'

निघालोय हेही मी त्यांना सांगितलं नव्हतं.