इंजिनाचा उसासा

मनुष्य अज्ञानाने जितका फसतो त्याहून अधिक अर्धवट ज्ञानाने फसतो, असे माझे मत आहे. हे मत मी कोणाकडून उसने घेतलेले नाही. रोख किंमत मोजून विकत घेतले आहे.

माझी मोटार डिझेलची आणि टर्बोची. हसनाबादेत तिला काम ते काय? सकाळी शेतापर्यंत, संध्याकाळी बसस्टँडपर्यंत, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला आणि क्वचित जालन्याला. एके दिवशी टर्बोची नळी सुटी केली, तो आत ऑइलचा ओशट थर. मी चौकशीला लागलो. कळले ते असे की, सिलिंडरातला वायू सगळाच धुराड्यावाटे जात नाही. थोडासा पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या कोठीत उतरतो. टर्बो हवा दाबून भरीत असल्यामुळे ही चोरवाट जरा अधिकच वाहते. कोंडलेल्या या वायूला बाहेर सोडलेच पाहिजे. पूर्वीच्या मोटारी तो खुशाल रस्त्यावर सोडीत. पुढे कॅलिफोर्नियाची हवा धुरकटली, आणि १९६१ पासून तेथील व १९६३ पासून साऱ्या अमेरिकेतील नव्या मोटारींत तो नळीने इंजिनाच्याच श्वासात परत सोडण्याची रीत पडली. आपला धूर आपणच गिळावा, हा न्याय मला फार आवडला. मात्र त्या वायूबरोबर ऑइलचे तुषार येतात आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत सारे माखून टाकतात.

यावर उपाय म्हणजे वाटेत एक डबा बसवायचा. आत तारेची जाळी. तुषार जाळीला चिकटून तळाशी गळतात, वायू पुढे जातो. मी तो डबा मागवला, स्वतःच्या हाताने बसवला आणि आल्यागेल्याला बॉनेट उघडून दाखवला. पहिल्या महिन्यात निघालेले चार चमचे काळे ऑइल तर मी बाटलीत जपून ठेवले! पुढे नवलाई ओसरली आणि डबा मी साफ विसरलो.

थंडीत मोटारीखाली ऑइलचे डाग पडू लागले. इंजिनाच्या मागचे सील गळत होते. आमच्या गावच्या चाचांनी ते बदलले. हे चाचा म्हणजे माझ्या वडिलांच्या विहिरीवरचे ऑइलइंजिन दुरुस्त करीत आलेले मेस्तरी. आठ दिवसांत पुन्हा डाग! मी तडक दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "चाचा, तुमची नजर गेली आता. हे काम दुसऱ्या कोणाला द्यायला हवं होतं."

चाचा काहीच बोलले नाहीत. हातातला पाना त्यांनी फडक्याने पुसला, इतकेच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात हजर. "चालू करा, गुरुजी." इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी ऑइल भरण्याचे झाकण सैल करून उलटे ठेवले. ते टणकन उडाले! माझ्या पोटात गोळा उठला. रिंगा गेल्या म्हणजे सारे इंजिन खोलणे आले. पण चाचांनी डब्याकडे जाणारी नळी इंजिनापाशी सोडवली. फुस्स करून मोठा उसासा बाहेर पडला. मग झाकण पुन्हा ठेवले. ते नुसते थरथरत जागेवर बसून राहिले.

"रिंगा शाबूत हायेत," चाचा म्हणाले. "वाट तुंबलीय."

त्यांनी माझा डबा उघडला. गळ्यापर्यंत भरलेला, आणि आत जाळीला लिंपलेले राखाडी लोणी! डिझेल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन नीट तापले तर ती निघून जाते. शेतापर्यंतच्या फेऱ्यांत ते तापतच नाही, आणि थंडीत ते पाणी ऑइलशी घुसळले जाते. "कोंडलं की ते कमजोर जागा हुडकतं, गुरुजी. सील बिचारं काय करील? टर्बोचं ऑइलबी मग खाली उतरत नाही." अशा भरल्या डब्यातले ऑइल एकदम हवेच्या वाटेने ओढले गेले असते, तर याहून वाईट होते. एका ट्रकचे इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन सुटलेले चाचांनी पाहिले होते. चावी काढली तरी थांबेना. शेवटी हवेच्या तोंडावर फळी दाबून त्याचा श्वास कोंडला, तेव्हा ते शांत झाले.

मी तेथेच त्यांची माफी मागितली. "जाऊ द्या हो," म्हणून ते निघाले. पण रात्रभर मला झोप लागली नाही. अपमान चौघांत केला होता आणि माफी मागितली होती ओसरीवर, एकट्यात! हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? शिवाय चाचांनी माझे ते वाक्य रात्रभर कोठे साठवले असेल, याचा विचार सुटेना. इंजिनाला निदान गळायला सील तरी असते.

सकाळी दुकानात गिऱ्हाइके जमेपर्यंत मी बाकावर बसून राहिलो. मग उठून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "सील चाचांनी चांगलं घातलं होतं. चूक माझी होती." चाचांनी मान वर केली नाही. पोऱ्याला मात्र म्हणाले, "गुरुजींना चहा सांग. आणि गुरुजी, डबा असू द्या, पण रिकामा करीत जा."

आता दर चतुर्थीला राजूरला निघण्यापूर्वी मी तो रिकामा करतो. ती जपलेली बाटली त्याच दिवशी चाचांच्या जळक्या ऑइलच्या पिंपात ओतली.