डोळ्यांची बैलजोडी

बैल दोन असले तरी ते चालतात एकाच जुवाखाली. एक पुढे सरला आणि दुसरा अडला, की गाडी आडवी होते. माणसाचे डोळेही असेच जोडीने चालतात. प्रत्येक डोळ्याला बाहेरून ६ बारीक स्नायू असतात, म्हणजे जोडीला १२ कासरे झाले. उजवीकडे बघायचे तर उजव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू आणि डाव्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू एकाच क्षणी ओढला गेला पाहिजे. जरा मागेपुढे झाले, की एकाचे दोन दिसू लागतात.

हे कासरे धरणारा गाडीवान डोळ्यात बसत नाही. मोठ्या मेंदूला पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा अंगठ्याएवढा जाड देठ कवटीच्या तळाशी असतो. त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वासाचा कारभारही तेथूनच चालतो. या देठाच्या वरच्या भागातून वर-खाली बघण्याचा हुकूम सुटतो, तर मधल्या भागातून डावी-उजवीकडे बघण्याचा. हुकूम नेणाऱ्या नसा ३, दोन्ही बाजूंना एकेक.

गाडीवान किती तरबेज आहे, ते आत्ता बसल्या जागी पाहा. हे पान स्थिर धरा आणि 'नाही नाही' म्हणताना हलवतो तशी मान भराभर हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पान तितक्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतात. मान हलली, की कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्राकडून देठाला खबर जाते आणि तो डोळ्यांना तितकेच उलटे फिरवतो. म्हणून खाचखळग्यातून बैलगाडी चालली तरी समोरचे शेत आपल्याला स्थिर दिसते.

ही सारी माहिती मला हौसेने मिळालेली नाही. आमचे गाव शहादा तालुक्यातले. काही वर्षांपूर्वी श्रावणात माझा धाकटा भाऊ घरातच जमिनीवर घोंगडी टाकून झोपला होता. पहाटे पोटात कळ येते म्हणाला. रात्रीची भाजी बाधली असेल, असे सर्वांना वाटले. दिवस उगवेपर्यंत पापण्या जड झाल्या. तो आईला म्हणाला, "माय, माले एकना दोन दिसी ऱ्हायनात." कोणी म्हणाले जागरण झाले, कोणी म्हणाले नजर लागली, भगताला बोलवा. वहिनीने त्याच्या पापण्या बोटाने उचलून धरल्या आणि डोळ्यांपुढून दिवा फिरवला. बुबुळे दिव्यामागे फिरेनात. अंगावर सूज नाही, व्रण नाही. तरी गल्लीतल्या आशाताई म्हणाल्या, "हा मण्यारच. आधी दवाखाना गाठा."

दवाखान्यात पोचेस्तोवर त्याला थुंकी गिळता येईना. सर्पविषावरची लस दिली, नळी घालून श्वासाचे यंत्र लावले. दुसऱ्या दिवशी त्याचे बोटही हलत नव्हते. बॅटरीचा उजेड टाकला तरी बाहुली लहान होत नव्हती. नात्यातले एक वडीलधारे खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "आता यात काही राहिले नाही, घरी न्या." डॉक्टरांनी त्यांना बाहेर नेले. आईला मात्र सांगितले, "आजी, त्याच्याशी बोलत राहा. त्याला ऐकू येत असेल."

आई बोलत राहिली. बैलांना वैरण कोणी घातली, कपाशीला फुले किती आली, सगळे सांगत राहिली. पाचव्या दिवशी पापणी किंचित हलली. पुढे नळी निघाल्यावर भावाने पहिली गोष्ट विचारली, "मला घरी न्या, असे कोण म्हणत होते?" त्याने सारे ऐकले होते.

डॉक्टरांनी नंतर आम्हांला उलगडून सांगितले. त्याचा गाडीवान शाबूत होता, कासरेही शाबूत होते. कासरा वेसणीला जिथे बांधतात, ती गाठच विषाने सोडवली होती. मज्जातंतूचे टोक स्नायूला भिडते, तेथे मण्यारचे विष बसते. ते टोक नव्याने फुटायला दिवस लागतात. तोवर यंत्राने श्वास द्यावा लागतो. मस्तिष्कस्तंभ मेला असे ठरवण्याची रीत १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आहे. तीत ४ डॉक्टरांनी, निदान ६ तासांच्या अंतराने, दोनदा तपासायचे असते. पण विष, गुंगीचे औषध अशी उलटू शकणारी कारणे आधी दूर करावी लागतात. आमच्या भावासारखी माणसे वरवर मेल्यासारखी दिसतात, ती याचमुळे.

याच्या उलटही घडते. देठाच्या मधल्या भागात रक्ताची गाठ अडकली, तर हातपाय आणि वाचा जाते, पण कधीकधी डोळे वर-खाली करणे तेवढे उरते. माणूस आत पूर्ण जागा असतो. 'हो असेल तर वर बघा' असे सांगून पाहावे. रोज दारू पिऊन धड न जेवणाऱ्याचे डोळे अडखळू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे भरकटले, तर ती नुसती नशा समजू नये. ब-१ जीवनसत्त्व संपल्याने देठाला इजा होते. वेळीच इंजेक्शन मिळाले तर नजर लवकर सुधारते. फिट्सच्या काही गोळ्या जास्त झाल्या, तरी डोळे हिसके देऊ लागतात. अशा वेळी गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

घरात कोणी एकाचे दोन दिसतात म्हणाले, तर एक डोळा झाकून बघायला सांगा, मग दुसरा. कोणताही एक झाकला की दोनाचे एक होत असेल, तर जोडी बिघडली आहे. एकाच डोळ्यानेही दोन दिसत असतील, तर बहुधा त्या डोळ्यातच दोष असतो, मोतीबिंदूसारखा. जोडी अचानक बिघडली तर वाट पाहू नका. पक्षाघात असेल तर गाठ विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. पावसाळ्यात सकाळी पापण्या पडू लागल्या, तर व्रण शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. झोपायला खाट आणि कडा खोचलेली मच्छरदाणी वापरा. आणि ज्याचे डोळे हलत नाहीत, त्याच्या उशाशी बोलताना तो ऐकतो आहे असे धरूनच बोला.