जातिलुविहचं पाणी

बालीच्या दक्षिण किनाऱ्यावरची गर्दी मागं टाकून उत्तरेकडे निघालं, की हळूहळू हॉटेलांच्या पाट्या विरळ होतात, तबानानचं बाजारगाव सरतं आणि रस्ता चढणीला लागतो. समुद्राची चिकट हवा अंगावरून उतरते. नारळ कमी होतात, बांबू वाढतो, आणि एका वळणावर समोर बातुकारू उभा राहतो. 2276 मीटर उंचीचा हा ज्वालामुखी पर्वत सकाळी थोडा वेळ दिसतो, मग दिवसभर ढगात असतो. त्याच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पेनेबेल तालुक्यात जातिलुविह हे भातशेती करणारं गाव वसलं आहे.

वस्ती साधी आहे. अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना भिंतीआडची घरं. घर म्हणजे एका अंगणाभोवती मांडलेल्या सुट्या खोल्या आणि ओसऱ्या. डोंगराच्या आणि उगवतीच्या कोपऱ्यात कुळाचं देऊळ, आणि अंगणात चार खांबांवर उचललेलं, गवतानं शाकारलेलं भाताचं कोठार. रस्त्याच्या कडेला बांबूच्या घुमटाकार टोपल्यांखाली कोंबडे झाकून ठेवलेले. दारोदारी नारळाच्या झावळीच्या इवल्याशा द्रोणात फुलं, चार शितं आणि धुमसती उदबत्ती. बालीतल्या कुठल्याही शेतकरी गावात हे दिसेल. मात्र घरं संपून दरी उघडते तिथं माणूस बोलायचा थांबतो.

तीनशे हेक्टरांवर भाताची खाचरं उतरत गेली आहेत. एकही बांध सरळ रेघेत नाही. डोंगराचं पोट जिथं पुढं आलं तिथं बांधही पुढं आला, घळ आली तिथं आत वळला. काही खाचरं इतकी अरुंद की त्यांत दोन माणसांनी शेजारी उभं राहून लावणी करावी, काही चांगली ऐसपैस. चिखलणी होऊन पाणी भरलं की त्यांत आभाळ उतरतं. तरवा लावल्यावर काही दिवस आभाळ आणि हिरवी काडी दोन्ही दिसतात. मग आभाळ झाकतं आणि उरतो तो नुसता हिरवा रंग. हा रंग पाहायला जगभरातून लोक येतात, छायाचित्रं घेतात, निसर्ग किती उदार आहे असं म्हणतात. निसर्ग उदार आहेच. ज्वालामुखीची माती आणि वर्षभराचा पाऊस त्यानं दिला. पण इथला प्रत्येक वीतभर बांध माणसानं घातलेला आहे आणि दर हंगामाला माणसाच्याच हातानं पुन्हा लिंपलेला आहे. मला विचाराल तर जातिलुविह पाहायचं ते दरीकडे तोंड करून नव्हे. पाणी कुठून येतं ते बघत पाटाच्या कडेकडेनं वर चालत जावं.

वर बातुकारूचं रान आहे. त्यातले झरे आणि ओढे लहान बंधाऱ्यांनी अडवून पाटात घेतले आहेत. डोंगराची सोंड आडवी आली तिथं बोगदा. बालीत असे बोगदे खडक फोडून हातानं खोदलेले आहेत आणि ही कला किती जुनी आहे याला लेखी पुरावा आहे: इ. स. 896च्या बेबेतिनच्या ताम्रपटात बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख येतो. बोगद्यातून बाहेर पडलेलं पाणी पुढं एका आडव्या ओंडक्यापाशी येतं. त्याला तेंबुकू म्हणतात. ओंडक्याला खाचा केलेल्या असतात. खोली सारखी, रुंदी ज्याच्या-त्याच्या वाट्याप्रमाणे. कुणाच्या शेताला किती पाणी हे ज्याला विचारायचं असेल त्यानं ओंडक्याजवळ उभं राहावं आणि डोळ्यांनी मोजावं. त्या खाचा पाहताना मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो. पाण्याचा न्याय इतका उघडा, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसेल असा मांडलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला.

हा न्याय सांभाळणारी संस्था म्हणजे सुबाक. एका पाटाचं पाणी घेणारे सगळे शेतकरी एका सुबाकचे. माणूस कुठल्या वस्तीत राहतो यानं फरक पडत नाही, त्याच्या शेतात कुठलं पाणी येतं त्यावर त्याचं सभासदत्व ठरतं. सुबाकचा मुखिया पेकासेह. त्याला सभासदच निवडतात. नियमांना आविग-आविग म्हणतात: पाट कधी साफ करायचा, कामाला न येणाऱ्यानं काय भरायचं, पाणी चोरलं तर काय दंड, लावणी कुठल्या आठवड्यात, भाताचं वाण कुठलं. हे सगळं बैठकीत ठरतं. बालीत असे बाराशेच्या आसपास सुबाक आहेत आणि एकेका सुबाकात पन्नासापासून चारशेपर्यंत शेतकरी असतात. राजे होते, त्यांचे कर होते, पण पाण्याची पाळी राजवाड्यात ठरत नसे. ती शेतकऱ्यांच्या बैठकीत आणि पाण्याच्या देवळात ठरे, आजही तिथंच ठरते.

आता खरा पेच. वरच्या शेतकऱ्याच्या हातात पाणी आहे. त्यानं खालच्याला का द्यावं? भीतीनं म्हणावं तर खालचा त्याचं काहीच वाकडं करू शकत नाही. उत्तर किडीत आहे. शेजारच्या खाचरांत भात वेगवेगळ्या वेळी उभा असेल, तर तुडतुड्यांना आणि उंदरांना वर्षभर खाणं मिळतं. इथलं कापलं की ते तिथं जातात, तिथलं कापलं की आणखी वर सरकतात. सगळ्यांनी एकाच वेळी लावलं, एकाच वेळी कापलं आणि एकाच वेळी शेतं मोकळी ठेवली, तर किडीला घर उरत नाही आणि खाणंही उरत नाही. पण सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं तर खालच्यालाही वेळेवर पाणी मिळायला हवं. म्हणून वरचा पाणी सोडतो आणि खालचा वरच्याबरोबर पेरतो. दोघांचं हित एकमेकांच्या बांधात अडकलेलं आहे. पांझरा नदीच्या काठी पाणीवाटपाच्या फड पद्धतीत एका फडात एकच पीक घेण्याचा नियम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा विचार लगेच ओळखू येईल. पाणी वाटणाऱ्या शेतकऱ्यांना हे शहाणपण निरनिराळ्या मुलखांत आपापलं सुचलेलं आहे.

हे शहाणपण एकदा मोडून पाहिलं गेलं. 1970च्या दशकात हरितक्रांतीची जास्त उत्पादन देणारी बुटकी वाणं बालीत आली. सरकारचं सांगणं होतं की लवकर पिकणारं भात लावा, देवळाच्या पंचांगासाठी थांबू नका, वर्षातून जितक्या वेळा लावता येईल तितक्या वेळा लावा. खत आणि औषध कर्जावर मिळत होतं. पहिले काही हंगाम पीक वाढलं. मग पाळ्या मोडल्या, पाण्यावरून गोंधळ सुरू झाला आणि तपकिरी तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं वाळवून टाकली. त्यांना दाद न देणारं वाण आणलं तर त्यावर टुंग्रो रोग पडला. औषधं वाढली, ओढ्यांतले मासे आणि खाचरातले ईल गेले, आणि कीड तशीच राहिली. देशभर हीच रड होती. अखेर 1986 साली इंडोनेशियाच्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. बालीच्या शेतकऱ्यांनी त्याआधीच आपल्या पायांनी देवळाची वाट पुन्हा धरली होती आणि एकत्र लावणी सुरू केली होती. बालीतल्या पाटबंधाऱ्यांच्या प्रकल्पाला पैसा देणाऱ्या आशियाई विकास बँकेनंही पुढं आपल्या मूल्यमापनात जुन्या व्यवस्थेची कदर न केल्याची किंमत मोठी पडल्याचं मान्य केलं.

ज्यांनी हे सगळं जवळून पाहिलं आणि नेटानं मांडलं ते अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग. त्यांनी पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्याबरोबर दोन नद्यांमधल्या 172 सुबाकांचं संगणकावर प्रतिरूप तयार केलं. प्रत्येक सुबाकनं शेजाऱ्याचं बघून, ज्याचं पीक चांगलं त्याचं वेळापत्रक उचलायचं, एवढाच साधा नियम घातला. थोड्याच वर्षांच्या हिशेबात संगणकावर जी जुळणी उभी राहिली ती पाण्याच्या देवळांच्या खऱ्या जाळ्याशी मिळतीजुळती होती. म्हणजे ही व्यवस्था वरून कुणी आखून दिलेली नव्हती. शेजाऱ्याकडे बघत, चुकत, सुधारत ती शेतकऱ्यांनीच घडवली. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अक्षरशत्रू म्हणून ज्यांना सहज बाजूला सारलं जातं, त्यांनी हजार वर्षं टिकणारं गणित चिखलात उभं राहून सोडवलं होतं.

जातिलुविहचा शेतकरी मात्र याला गणित म्हणत नाही. त्याच्यासाठी पाणी देवाचं आहे. डोंगरावर लुहुर बातुकारूचं देऊळ, गावात लुहुर पेतालीचं, आणि पाण्याच्या प्रत्येक वाटणीपाशी लहानमोठी घुमटी. थेट शेतापर्यंत आलं तरी, पाणी जिथून खाचरात शिरतं त्या वरच्या कोपऱ्यात शेतकऱ्याचं स्वतःचं छोटं देवस्थान असतं. तिथं तो तीर्थ शिंपतो, फूल ठेवतो आणि मगच पाण्याचं तोंड उघडतो. शेताची देवी श्री. पाणी घेताना तिची पूजा, लावणीला पूजा, भात गर्भार होतं तेव्हा त्याची वेगळी पूजा आणि कोठारात भात चढल्यावर पुन्हा तिचीच. पूजेच्या दिवशी कोण आलं, कोण नाही, कुणाची लावणी मागं पडली, हे आपोआप सगळ्यांना कळतं. भक्ती आणि व्यवहार इथं एकाच द्रोणात ठेवलेले आहेत आणि ते वेगळे करायची कुणाला गरज वाटत नाही.

इथलं जुनं वाण तांबड्या तांदळाचं. जानेवारीच्या सुमाराला लावायचं, जुलैच्या सुमाराला कापायचं. पाच-सहा महिने घेतं म्हणून बाकीच्या बालीतून ते जवळजवळ गेलं. जातिलुविहनं वर्षातून एकदा तेच लावायचं असा नियम ठेवला आणि ते टिकलं. ताट उंच असतं, वाऱ्यावर लवतं. कापणीला बाया एका रांगेत शिरतात. हातात विळा नसतो, तळहातात मावणारं अनी-अनी नावाचं छोटं पातं असतं. एकेक लोंबी बोटांनी धरायची आणि खुडायची. पातं तळहातात लपलेलं असलं की देवी भ्यायची नाही, अशी समजूत आहे. पेंढ्या बांधून वाळवतात आणि तशाच कोठारात रचतात. मोकळ्या झालेल्या शेतात मग बदकं सोडतात. सांडलेले दाणे, किडे, गवत ती वेचून खातात आणि खत टाकून जातात. या तांदळाचा भात मी तिथं खाल्ला, खोबरं घातलेल्या भाजीबरोबर आणि कच्च्या कांद्या-मिरचीच्या सांबलबरोबर. दाणा दाताखाली जाणवतो, चव किंचित शेंगदाण्यासारखी खमंग लागते, आणि थोड्यातच पोट भरतं. हाच तांदूळ भाजून त्याचा लालसर चहाही करतात.

2012 साली युनेस्कोनं बालीच्या सुबाक भूप्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला. एकूण 19,500 हेक्टरांत जातिलुविह आणि त्याच्या वरची पाण्याची देवळं आली. 2024मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं उत्तम पर्यटन गावांच्या यादीत जातिलुविहचं नाव घेतलं. मान मिळाला तसे लोक आले, लोकांमागून कॉफीची दुकानं, जेवणाची घरं, वाहनतळ. त्यांतलं काही गावाच्या हाताला काम देतं, हे खरं. पण मला काळजी वाटते ती उघड आहे. ज्याला अर्धा हेक्टरही जमीन नाही त्याच्या मुलाला किनाऱ्यावरच्या हॉटेलात दरमहा ठरलेला पगार मिळतो, आणि वडलांना गुडघाभर चिखलात उभं राहून सहा महिन्यांनी जे मिळतं ते त्याच्यापुढं टिकत नाही. मुलगा गेला की बांध लिंपायला माणूस कमी. एका खाचराचा बांध फुटला तर त्याच्या खालच्या सगळ्या खाचरांना धोका. शेजारचं शेत विकून तिथं बंगला उभा राहिला तर पाट तुटतो, आणि पाट तुटला की खालच्या सुबाकची पाळी कोरडी जाते. वारसा म्हणून जे जपायचं ते दृश्य नाही. जपायची ती बैठक, पेकासेहचा शब्द आणि ओंडक्याच्या त्या खाचा. शेतकऱ्याला शेतीतून पोट भरता आलं तरच त्या राहतील. पर्यटकांकडून येणाऱ्या तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा पाट आणि बांध सांभाळणाऱ्यांच्या हाती गेला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं आता सुट्टीत बालीला जातात. त्यांचा बहुतेक वेळ समुद्रकाठी आणि खरेदीत जातो. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की एक मुक्काम जातिलुविहला करा, तोही गावातल्या कुणाच्या घरी. तांबडा तांदूळ दुकानातून घेण्यापेक्षा पिकवणाऱ्याकडून घ्या आणि भावासाठी घासाघीस करू नका. शेतातल्या घुमटीवर पिशवी किंवा चप्पल ठेवू नका. आणि बांधावरून चालताना समोरून भारा घेऊन कुणी आलं, तर तुम्ही आधी बाजूला व्हा.